वहिनीची श्रद्धा, आईच्या गोळ्या आणि तुमचा प्रामाणिकपणा

पत्र : मी नास्तिक आहे. आठ महिन्यांपूर्वी माझा मोठा भाऊ आजारपणात गेला. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने मागच्या आठवड्यात रात्री झोपताना आईला विचारले, की बाबा आता कुठे असतील. वहिनी म्हणाली, "देवाघरी आहेत आणि तिथून तुझ्याकडे बघतात." मी त्याच खोलीत होते. "तिला खोटे सांगू नकोस, गेलेले माणूस कुठूनही बघत नसते," असे मी बोलून गेले. तेव्हापासून वहिनी माझ्याशी कामापुरतेच बोलते. दुसरीकडे माझ्या आईने रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या आहेत, कारण तिच्या प्रार्थनामंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंनी तिला सांगितले, की ज्याची श्रद्धा पक्की त्याला औषधाची गरज नसते. मी विरोध केला तर घरचे म्हणतात, "तो तिच्या श्रद्धेचा प्रश्न आहे, तू मध्ये पडू नकोस." माझ्या नवऱ्याचे आणि आमच्या मित्रमंडळींचे म्हणणे असे, की वहिनीची माफी मागणे ही शुद्ध वैचारिक लबाडी ठरेल. आणि वहिनीचा भाऊ घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "ज्याला देव नाही त्याला नीती नाही" अशा अर्थाचे संदेश टाकत असतो, ते मात्र कोणालाही खटकत नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेला किती आव्हान द्यावे आणि कुठे थांबावे?

उत्तर : तुमच्या घरच्यांनी "श्रद्धेचा विषय" या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, आणि मला वाटते, चिडण्याच्या भरात तुम्हीही तेच केले आहे. म्हणून आईच्या बाबतीत जिथे ठाम उभे राहायला हवे होते तिथे तुम्ही मागे हटलात आणि वहिनीच्या बाबतीत जिथे गप्प राहायचे तिथे बोललात. एखादी समजूत तुम्हाला किती चुकीची वाटते यावरून बोलायचे की नाही हे ठरवता येत नाही. ती समजूत कोणाचे काय करते आहे आणि तिच्यावर बोलण्यासाठी तुम्हाला कोणी बोलावले आहे का, हे आधी पाहावे लागते.

आईच्या गोळ्यांपासून सुरुवात करू, कारण बाकी सगळ्याला वेळ देता येईल, याला देता येणार नाही. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा कसलेही लक्षण दाखवत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट अशा प्रसंगी घात करते : गोळ्या सोडल्या तरी आईला बरे वाटत राहणार, आणि ते बरे वाटणे म्हणजे श्रद्धेची प्रचीती, असा तिचा समज दिवसेंदिवस घट्ट होत जाणार. आतल्या आत हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडांवर ताण पडत असतो तो तिला जाणवणार नाही. शिवाय या विकारावरची काही औषधे अशी असतात, की ती एकदम थांबवली तर दाब उसळून पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो. तेव्हा तिची गोळी कोणती आहे ते पाहून डॉक्टरांना आजच फोन करा आणि घरी किंवा जवळच्या दवाखान्यात रोज दाब मोजण्याची व्यवस्था लावा. आकडा तिला स्वतःच्या हाताने वहीत लिहू द्या. तुमच्या दहा वाक्यांनी जे होणार नाही ते तिच्या अक्षरातल्या एका चढत्या रकान्याने होण्याची शक्यता अधिक आहे.

इथे देवाचा विषय काढण्याची काहीही गरज नाही. प्रार्थना करावी की न करावी हा प्रश्नच तुमच्यापुढे नाही. गोळी घ्यावी की न घ्यावी हा आहे, आणि प्रार्थना करून गोळीही घेणारी असंख्य माणसे आहेत. त्या मंडळातही असतीलच. त्यांच्यापैकी एखादीने आईजवळ बसून "मीही घेते" एवढे सांगितले तर काम होईल. "डॉक्टर हाही देवाचाच हात" हे वाक्य आईच्या गळी लगेच उतरेल, हे तुम्हालाही सुचले असेल. पण ते तुम्ही म्हणू नका. ज्यावर तुमचा विश्वास नाही ते केवळ उपयोगी पडते म्हणून वापरले, तर उद्या आईने तुमच्या कोणत्या शब्दावर भरवसा ठेवायचा? ज्याला ते मनापासून वाटते त्यालाच ते म्हणू द्या.

सल्ला देणाऱ्या त्या बाईंशी बोलताना मात्र मऊपणा दाखवण्याचे कारण नाही. त्यांनी श्रद्धा सांगितली नाही, औषधोपचाराचा सल्ला दिला आहे, आणि तसा सल्ला देणाऱ्याला "हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगता आणि उद्या काही झाले तर जबाबदारी कोण घेणार?" असे विचारण्याचा हक्क घरातल्या प्रत्येकाला आहे. तेवढे करूनही, सगळी माहिती समोर असताना, आईने शुद्धीत आणि विचारपूर्वक नकारच दिला, तर तो तिचा अधिकार आहे हे तुम्हाला शेवटी मान्य करावे लागेल. प्रौढ माणूस स्वतःच्या शरीराबाबत धोका पत्करू शकतो. हेच औषध लहान मुलाचे असते तर मी वेगळे लिहिले असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1944 साली एका निकालात म्हटले, की पालकांना स्वतः हुतात्मा होण्याची मोकळीक असेल, पण मुलांना हुतात्मा करण्याची मोकळीक त्यांना नाही. आणि तो खटला औषधाचा नसून मुलीला धार्मिक मासिके विकायला रस्त्यावर उभे करण्याचा होता. मुलांच्या जिवाचा प्रश्न असेल तेव्हा तर समोरच्याच्या श्रद्धेचा मान राखण्यासाठी एक दिवसही थांबू नये.

आता वहिनी. इथे माझे मत तुम्हाला आवडणार नाही.

त्या रात्री त्या खोलीत मरणोत्तर अस्तित्वावर चर्चा चाललेली नव्हती. नवरा गेलेली एक बाई वडील गेलेल्या मुलीला झोपवत होती. तिने जे म्हटले ते तुमच्यापुढे सिद्धान्त म्हणून मांडलेले नव्हते, तुमच्या संमतीसाठी नव्हते, तुम्हाला उद्देशूनही नव्हते. आव्हान द्यायला आधी कोणीतरी दावा मांडावा लागतो, आणि तो ज्याच्यासमोर मांडला त्याने तपासायचा असतो. ज्या बोलण्यात तुम्ही केवळ तिथे हजर होतात म्हणून सापडलात, त्याची उलटतपासणी घेण्याचा अधिकार तुम्हाला तुमच्या मताच्या खरेपणामुळे मिळत नाही. शिवाय तुम्ही तिच्यावर खोटे बोलण्याचा आरोप केलात. माणूस खोटे बोलतो तेव्हा त्याला खरे काय ते ठाऊक असते आणि तो ते लपवतो. वहिनीला जे खरे वाटते तेच तिने सांगितले. तुमच्या दृष्टीने ती चुकत असेल, पण फसवत नव्हती, आणि मुलीच्या कानावर "तुझी आई तुला फसवते" हे गेले. नऊ वर्षांच्या मुलीला त्या रात्री बाबांपेक्षाही आईवर विसंबता येणे अधिक गरजेचे होते.

मुलीच्या मनात काय चालले असेल याविषयी तुम्ही समजता तेवढे घाबरण्याचे कारण नाही. या वयापर्यंत मृत्यू कायमचा असतो, गेलेले माणूस खात नाही, श्वास घेत नाही आणि परत येत नाही, हे बहुतेक मुलांना कळलेले असते. पॉल हॅरिस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने स्पेनमधील सात आणि अकरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध केला. त्यात आजी-आजोबांच्या मृत्यूची गोष्ट डॉक्टरांच्या संदर्भात सांगितली, की शरीराचे आणि मनाचे व्यापार थांबतात असे उत्तर मुले अधिक देत. तीच गोष्ट धर्मगुरूच्या संदर्भात सांगितली, की काहीतरी चालू राहते असे सांगणारी मुले वाढत, आणि हे दुहेरी बोलणे लहानांपेक्षा मोठ्या मुलांत जास्त दिसले. म्हणजे वय वाढले की एक समजूत दुसरीला हुसकावून लावते असे नाही. दोन्ही एकाच डोक्यात शेजारी शेजारी राहतात. तुमची पुतणी बाबांची वाट पाहत दारात बसणार नाही. बाबा बघत आहेत असे तिला वाटेल, आणि ते येणार नाहीत हेही तिला ठाऊक असेल.

एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा, आणि ती घडली तर जरूर बोला. "बाबा बघतात" हे काही मुलांना धीर देते आणि काहींना धास्ती लावते. अभ्यास केला नाही, आईवर ओरडले, वर्गात मैत्रिणीबरोबर खळखळून हसले, की हेही बाबांनी पाहिले असेल, अशी टोचणी तिला लागलेली दिसली, तर वहिनीला बाजूला घेऊन जे दिसले तेवढेच सांगा. त्यासाठी मरणानंतर काय असते याचा निकाल लागावा लागत नाही. बाबा बघतात ते रागावण्यासाठी नव्हे, असे वहिनी स्वतःच मुलीला तुमच्यापेक्षा चांगले सांगू शकेल.

आणि आज ना उद्या मुलगी हाच प्रश्न तुम्हाला विचारणार आहे. तेव्हा खोटे बोलू नका. "तुझ्या आईला तसे वाटते, मला तसे वाटत नाही. मोठ्या माणसांचेही यावर एकमत नाही. तुझे बाबा परत येणार नाहीत हे आम्हा दोघींनाही माहीत आहे, आणि त्यांची आठवण आम्हा दोघींनाही येते." एवढे पुरे. मात्र असा प्रश्न आला तर तुम्ही काय उत्तर देणार आहात हे वहिनीला आधी सांगून ठेवा. तिला ते आवडले नाही तरी तिला ते अंधारात ठेवून केलेले वाटणार नाही.

माफीविषयी तुमचे यजमान जे म्हणतात त्याचा विचार करणे भाग आहे, कारण त्यांची बाजू कच्ची नाही. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने 1877 साली ती अत्यंत कठोर शब्दांत मांडली. त्याचा दाखला एका जहाजमालकाचा आहे : जहाज जुने झाले आहे, डागडुजीला आले आहे, याची शंका त्याला येते, ती दाबून, दैव आजवर पाठीशी होते तसे यापुढेही राहील असे मनाला पटवून, तो प्रवाशांना समुद्रात पाठवतो आणि ते सगळे बुडतात. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचले असते तरी तो माणूस तेवढाच दोषी ठरला असता, कारण पुरेशा पुराव्यावाचून विश्वास ठेवणे हाच त्याचा अपराध होता. कोणाचीही समजूत पूर्णपणे खासगी नसते, ती समाजात झिरपते, असेही तो बजावतो. हा युक्तिवाद मला महत्त्वाचा वाटतो, आणि तुमच्या आईला सल्ला देणाऱ्या बाईंना तो तंतोतंत लागू पडतो. पण या दाखल्याची ताकद कशात आहे ते पाहा : जहाजात दुसरी माणसे बसलेली आहेत आणि मालकाला शंका आलेली होती. वहिनीच्या वाक्यामुळे कोणीही बुडत नाही. आपापली समजूत तपासण्याचे कर्तव्य प्रत्येकावर आहे असे मानले, तरी इतरांचे परीक्षक म्हणून आपली नेमणूक झाली आहे असे त्यातून निघत नाही.

तेव्हा माफी मागा, पण कशाची मागता ते नेमके ठेवा. "मी तुझ्याशी आणि तेही मुलीसमोर ज्या तऱ्हेने बोलले ते चुकले. तू तिला फसवत होतीस असे म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. दादाच्या जाण्याबद्दल माझे मत तुझ्यासारखे नाही, हे तुला माहीत आहे, आणि ते मी लपवणार नाही. पण तुझ्यावर लादणारही नाही." यात लबाडी कुठे आहे? तुमचे एकही मत तुम्ही मागे घेतलेले नाही.

मत लपवायचे नाही आणि लादायचेही नाही, असे आयुष्यभर जमू शकते का, अशी शंका तुम्हाला येईल. चार्ल्स डार्विनला लग्नाआधी त्याच्या वडिलांनी सल्ला दिला होता, की तुझ्या धार्मिक शंका बायकोपासून लपवून ठेव. त्याने तो मानला नाही. श्रद्धाळू एमाला त्याने त्या लग्नापूर्वीच सांगितल्या. 1839 साली लग्न झाल्यावर लवकरच तिने त्याला एक पत्र लिहून आपली काळजी मांडली. ते पत्र त्याने जन्मभर जपले आणि त्यावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवले, की मी या पत्राचे कितीदा तरी चुंबन घेतले आहे आणि त्यावर रडलो आहे. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या मतावर आले नाही आणि संसार 1882 मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत चालला. मृत्यूच्या दोन वर्षे आधी, 1880 साली, एका निरीश्वरवादी लेखकाला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले, की धर्मावरच्या थेट हल्ल्यांचा लोकांवर फारसा परिणाम होत नाही, विज्ञानाच्या प्रगतीबरोबर मने हळूहळू उजळतात तेव्हाच विचारस्वातंत्र्य वाढते. आणि घरच्या माणसांना होणाऱ्या वेदनेचा आपल्या या भूमिकेवर अवाजवी प्रभाव पडला असेल, अशी पुस्तीही जोडली. ही पुस्ती मला त्या पत्रातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटते. आपल्या मौनात तत्त्व किती आणि प्रेम किती हे त्याने स्वतःलाच विचारलेले होते.

याचा अर्थ श्रद्धेवर कधी बोलूच नये असा कृपा करून घेऊ नका. "सगळ्यांचा आदर करा आणि गप्प बसा" हा सल्ला मला सौजन्यापेक्षा तुच्छतेच्या जवळचा वाटतो; समोरच्याला वाद झेपणार नाही असे त्यात गृहीत धरलेले असते. उद्या वहिनीने स्वतः विचारले, "तुला खरेच वाटते का, की काहीच उरत नाही?" तर अंग चोरू नका, मोकळेपणाने बोला. मात्र आपल्या न्यायशास्त्राने वादाचे जे तीन प्रकार सांगितले आहेत त्यांतला कोणता चालला आहे याचे भान ठेवा. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खोडण्यासाठी होतो ती वितंडा. नास्तिकांच्या हातून तिसरा प्रकार फार सहज घडतो, कारण "मी कसलाच दावा करत नाही" ही जागा सुरक्षित असते. तुम्ही दुःख कसे सोसता, दादा गेल्यावर तुम्हाला कशाने उभे केले, बरे-वाईट कशावरून ठरवता, हे तुम्हीही मांडले पाहिजे आणि त्यावर प्रश्न विचारू दिले पाहिजेत. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला पटेल इतक्या चांगल्या रीतीने सांगता येणे, आणि मग उत्तर, ही जुनी शिस्त आजही तितकीच कामाची आहे.

लोक पुराव्याने बदलतच नाहीत, उलट अधिक हट्टाला पेटतात, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. 2010 च्या एका गाजलेल्या अभ्यासातून ही कल्पना पसरली, पण पुढे दहा हजारांहून अधिक लोकांवर, बावन्न मुद्द्यांवर घेतलेल्या आणि 2019 साली छापून आलेल्या प्रयोगांत तसा उलटा परिणाम जवळपास सापडलाच नाही. तपशिलातली चूक दाखवली तर माणसे ती बऱ्याच अंशी मान्य करतात. हे प्रयोग राजकीय वस्तुस्थितीविषयी होते, श्रद्धेविषयी नव्हते, हे खरे; तरी गोळ्यांच्या प्रश्नावर त्यांचा आधार घेता येईल. खोलवर रुजलेल्या वृत्तींबाबत मात्र, ब्रुकमन आणि कॅला या दोन संशोधकांच्या प्रयोगांत, नुसत्या युक्तिवादाने फारसे काही हलले नाही. निवाडा न करता ऐकून घेणे आणि दोन्हीकडून अनुभव सांगणे हे ज्या संभाषणांत होते त्यांचा परिणाम काही महिने टिकला. मग अशा संभाषणात तुमचेही थोडे बदलण्याचा धोका असतो, तो पत्करण्याची तयारी हवी.

तुमच्या मित्रमंडळींविषयी एवढेच, की वहिनीच्या वाक्याची तिच्या माघारी तुम्ही सगळ्यांनी जी चेष्टा केली असेल (केलीच असेल, असे पत्राच्या सुरावरून वाटते), तिने कोणाचेही प्रबोधन झालेले नाही. सम्राट अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात लिहवून ठेवले आहे, की स्वतःच्या पंथाच्या भक्तीपोटी जो दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो तो स्वतःच्याच पंथाचे जास्त नुकसान करतो. त्याने टीकेला सरसकट बंदी घातलेली नाही. अवेळी करू नये आणि प्रसंग असेल तेव्हा बेताने करावी, असे म्हटले आहे.

राहिला वहिनीचा भाऊ. इथे बोलण्याचे आमंत्रण त्यानेच सगळ्यांना दिले आहे, कारण गटावर टाकलेले विधान हे सर्वांसमोर मांडलेले विधान असते, आणि त्यात तुमच्या चारित्र्यावर थेट आरोप आहे. तो सोसण्याची सक्ती तुमच्यावर नाही. मानवाधिकारांच्या जाहीरनाम्यातले अठरावे कलम आणि त्याच क्रमांकाने नागरी हक्कांच्या करारात आलेले कलम विचार, सद्सद्विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याची हमी देते. आणि ईश्वर मानणाऱ्या, न मानणाऱ्या आणि नाकारणाऱ्या अशा सर्वच मतांना करारातील कलमाचे संरक्षण आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने 1993 साली स्पष्ट केले आहे. पण त्याला कलमे ऐकवू नका. गटावर प्रत्युत्तरही देऊ नका, कारण वहिनी तो गट वाचते आणि तिला पुन्हा एकदा तुमच्या आणि भावाच्या मध्ये उभे राहावे लागेल. त्याला एकट्याला फोन करा आणि विचारा, "तुम्ही मला इतकी वर्षे ओळखता. माझ्यात नीती नाही असे तुम्हाला खरेच वाटते का? वाटत असेल तर कशावरून, ते सांगा." बहुतेकदा अशी माणसे "तुमच्याबद्दल नव्हते हो" म्हणतात, तेव्हा "मग कोणाबद्दल?" हेही शांतपणे विचारा. त्याने त्यानंतरही संदेश टाकणे चालू ठेवले, तर गटावर एकदाच, एका ओळीत, हे मला मान्य नाही आणि हे मला लागते, असे लिहा आणि पुढचे संदेश वाचणे सोडून द्या. हे सगळे वहिनीशी बोलणे झाल्यावर करा, त्याआधी नको.